अनोळखी खरेदी विभागांना ईमेल: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे मशीन शॉप आहे. आसपासच्या फौंड्रींतून येणाऱ्या कास्टिंगवर (ओतीव भागांवर), मुख्यतः पंपाच्या केसिंगवर आणि व्हॉल्व्हच्या बॉडीवर, आम्ही मशीनिंग करतो. आमचे जवळजवळ सगळे काम दोनच ग्राहकांकडून येत असे. त्यांपैकी एकाने मागणी निम्म्यावर आणली, तेव्हा ज्यांच्याशी कसलीच ओळख नाही अशा कंपन्यांच्या खरेदी विभागांना थेट ईमेल लिहायचे, म्हणजे ज्याला कोल्ड ईमेल म्हणतात तो मार्ग धरायचा, असे मी आणि माझ्या मोठ्या बंधूंनी ठरवले. नऊ महिन्यांनंतर माझे स्पष्ट मत असे आहे की हे साधन खरोखर उपयोगाचे आहे. मात्र त्यातून प्रथम हाती येते ते ड्रॉइंग, म्हणजे करायच्या भागाचा मापांसह आराखडा, ऑर्डर त्यानंतर कित्येक महिन्यांनी येते, आणि ड्रॉइंगसुद्धा तेव्हाच येते जेव्हा पत्र एकाच माणसाला, त्याच्याच मालाविषयी लिहिलेले असते.

पहिले दोन महिने आम्ही अगदी उलट केले. एका विक्रेत्याकडून चार हजार पत्त्यांची यादी विकत घेतली आणि एकच मजकूर रोज तीनशे जणांना पाठवू लागलो. यादीतले कितीतरी पत्ते बंद पडलेले होते, त्यामुळे ईमेल परत येत राहिले. खरा फटका बसला तो तिसऱ्या आठवड्यात. आमच्या जुन्या ग्राहकाच्या अकाउंट्स विभागातून फोन आला की या महिन्याचे बिल मिळालेच नाही. बिल वेळेवर गेले होते, पण त्यांच्या स्पॅममध्ये पडून होते. ज्या डोमेनवरून आम्ही रोजचा व्यवहार करत होतो, त्याचीच पत आम्ही घालवली होती.

त्यानंतर मी नियम नीट वाचले. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी ईमेल पाठवणाऱ्यांसाठी अटी कडक केल्या आहेत. जीमेलवर दिवसाला पाच हजारांहून अधिक ईमेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, ईमेल खरोखर त्याच डोमेनवरून आला आहे हे पटवणाऱ्या, तिन्ही नोंदी सक्तीच्या आहेत, आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्याची अट तर लहान-मोठ्या सर्वांनाच आहे. साधा हिशेब केला तर तीनशे ईमेलांमागे एकाने जरी स्पॅमचे बटण दाबले, तरी आपण ती मर्यादा ओलांडतो. हे समजल्यावर आम्ही वेगळे डोमेन घेतले, नोंदी पूर्ण केल्या आणि दिवसाला फक्त तीन-चार ईमेल, चित्र किंवा जोडपत्र न लावता, साध्या मजकुरात लिहू लागलो. ईमेल उघडला गेला की नाही हे दाखवणारी सोयही बंद केली, कारण २०२१ पासून ॲपलचे मेल ॲप, वापरणाऱ्याने ते संरक्षण चालू ठेवले असेल तर, ईमेलातली चित्रे आधीच उतरवून घेते आणि न वाचलेला ईमेलही उघडल्यासारखा दिसतो.

फरक पडला तो मजकुरामुळे. कोइमतूरच्या एका पंप कारखान्याचा कॅटलॉग मी एका शनिवारी पूर्ण वाचला आणि त्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांना पाच ओळी लिहिल्या. आम्ही त्यांच्या मापाचीच केसिंग करतो, प्रत्येक नग पाठवण्यापूर्वी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची गळती-चाचणी) करतो, त्यामुळे ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेले पोकळ छिद्र, असलेला नग आमच्याकडेच बाजूला पडतो आणि जाण्यायेण्याचे भाडे वाचते. ज्या भागात सध्या सर्वाधिक रिजेक्शन येत असेल, त्याचे एखादे ड्रॉइंग पाठवाल का, एवढेच विचारले. पहिल्या ईमेलला उत्तर आले नाही. नऊ दिवसांनी पाठवलेल्या स्मरणपत्राला एका ओळीचे उत्तर आले: सीएमएम तुमच्याकडे आहे की बाहेरून तपासून घेता? सीएमएम म्हणजे मापे अचूक तपासणारे यंत्र. बाहेरून घेतो, हे खरे ते लिहिले आणि सोबत एका जुन्या कामाचा तपासणी अहवाल पाठवला. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग आले. पाच नगांचे सॅम्पल, मग पंचवीस नगांचा ट्रायल लॉट आणि व्हेंडर रजिस्ट्रेशन असे करत नियमित ऑर्डर सुरू व्हायला चार महिने लागले.

नंतरच्या सात महिन्यांत आम्ही ६१० ईमेल पाठवले, ३८ उत्तरे आली, ९ ड्रॉइंग मिळाली आणि २ ग्राहकांचे काम नियमित झाले. पैशांचा खर्च किरकोळ आहे, वेळेचा मात्र मोठा आहे, कारण योग्य माणूस शोधून नीट लिहायला एका ईमेलामागे वीस मिनिटे तरी जातात. एका नगाचा किरकोळ माल विकणाऱ्याला हे परवडेल असे मला वाटत नाही.

परदेशी लिहिणाऱ्यांनी त्या त्या देशाचा कायदा आधी पाहावा. अमेरिकेत २००३ च्या कायद्यानुसार असा ईमेल चालतो. मात्र त्यात आपला खरा टपालाचा पत्ता आणि नको म्हणण्याची सोय द्यावी लागते आणि नकार दहा कामकाजाच्या दिवसांत पाळावा लागतो. जर्मनीत अनुचित स्पर्धाविरोधी कायद्याच्या कलम ७ नुसार पूर्वसंमतीशिवाय कंपन्यांनाही जाहिरातीचा ईमेल पाठवता येत नाही, म्हणून तिथल्या पंप उत्पादकांची तयार केलेली यादी आम्ही बाजूला ठेवली.

दोन स्मरणपत्रांनंतर आम्ही कोणालाही पुन्हा लिहीत नाही आणि नकार आला तर आभार मानून थांबतो. अहमदाबादच्या एका व्हॉल्व्ह कारखान्याने चौथ्या महिन्यात सध्या गरज नसल्याचे कळवले होते. गेल्या आठवड्यात त्याच अधिकाऱ्यांनी त्याच जुन्या ईमेलाला उत्तर देऊन दोन बॉडींची ड्रॉइंग पाठवली, कारण त्यांच्या आधीच्या पुरवठादाराकडून माल वेळेवर येत नाही. त्यांचे कोटेशन परवा पाठवले आहे. उत्तर अजून यायचे आहे.