चपटा छर्रा की गोल? ग्रुप फुटतोय त्यांच्यासाठी

क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम यांच्या नाशकात एअर रायफलची नेमबाजी शिकायला येणाऱ्या पोरांचा नेहमीचा प्रश्न: दहा मीटरवर ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका, पसरतोय, छर्रा बदलू का?

चपट्या तोंडाचा छर्रा कागदात स्वच्छ गोल भोक पाडतो, म्हणून गुण मोजायला सोपा. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा, तिथे फाटलेली कड भांडण लावते. गोल तोंडाचा हवा चांगली कापतो, लांबवर वेग टिकवतो. पण कागद फाडतो. पंचवीस मीटरच्या पुढे मी डोळे झाकून गोल घेईन. दहा मीटरवर चपटाच, यात वाद नको.

तरीही ग्रुप फुटत असेल तर दोष बहुधा आकाराचा नसतो. दोन्ही प्रकारांत डोक्याचा व्यास ४.४९ ते ४.५२ मिलिमीटरपर्यंत मिळतो आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी. चार मापांचे थोडे थोडे छर्रे आणा, रायफल टेकूवर ठेवून पाच-पाच झाडा, मगच डबा घ्या. शिसं मऊ, डबा पडला की मागचा स्कर्ट (छर्ऱ्याचा पोकळ घेर) चेपतो आणि तो छर्रा भरकटतो. असे वेचून फेका.

नळी बिजागरीवर खाली वाकवून भरायची स्प्रिंगची रायफल असेल तर आधी स्क्रू आवळा. ती घट्ट धरली तरी रुसते. हात सैल ठेवा, महागडा डबा नंतर.