लाँगमनची ऑनलाइन डिक्शनरी, ‘स्वीप’ हा एकच शब्द घेऊन तपासलेली

डिक्शनरी कशी आहे ते बघायचं तर अवघड शब्द टाकून उपयोग नाही, त्याला बहुतेक वेळा एकच अर्थ असतो आणि तो कुठेही मिळतो. खरा कस लागतो तो ‘स्वीप’सारख्या साध्या क्रियापदाला. इंग्रजी-मराठी ॲपमध्ये बऱ्याचदा ‘झाडणे’ एवढंच येतं आणि विषय संपतो, मग बातमीत ‘फायर स्वेप्ट थ्रू द मार्केट’ आलं की वाचणाऱ्यानं काय करायचं?

लाँगमन डिक्शनरी ऑफ कंटेम्पररी इंग्लिश पहिल्यांदा १९७८ मध्ये आली, आता ऑनलाइन फुकट बघता येते. हिची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे अर्थ सांगायला साधारण २००० सोपे शब्दच वापरायचे असं त्यांनी ठरवून घेतलंय, त्यामुळे एक अर्थ समजून घ्यायला आणखी चार शब्द शोधत बसावं लागत नाही. शिवाय लांबलचक नोंदीत प्रत्येक अर्थाच्या आधी छोटा मथळा असतो, वारा-लाटा, भावना, राजकारण असा, म्हणजे आपल्या वाक्यातला स्वीप कुठला ते चटकन सापडतं.

आणि या शब्दाला अर्थ खरंच खूप आहेत हो! पण मुळात झाडूचा एक लांब फटकारा डोळ्यासमोर आणला की बरेचसे अर्थ त्यातूनच निघतात, वेगानं जाणं आणि वाटेतलं सगळं कवेत घेणं. आग, अफवा, साथ, फॅशन हे सगळं स्वीप होतं. इथेच स्प्रेडशी फरक कळतो, कारण स्प्रेड हळूहळूही चालतं, कपड्यावरचा डाग स्प्रेड होतो, तो स्वीप होत नाही, त्याला तेवढा वेग नाही आणि जोरही नाही. क्रिकेटमधला स्वीपसुद्धा तोच, गुडघा टेकून बॅट आडवी जमिनीलगत फिरवायची.

माझ्या मते पैसे वसूल होतात ते उदाहरणांत, म्हणजे पैसे नाहीतच पण तरी. पुढे थ्रू लावायचं की अक्रॉस की ओव्हर, हे नुसता अर्थ पाठ करून कधीच येत नाही, वाक्यं वाचूनच येतं. बिल्डिंगमधून आग पसरत गेली तर थ्रू, एखादी लाट देशभर पसरली तर अक्रॉस, पण ‘द क्रेझ स्वेप्ट द कंट्री’ असं मध्ये काहीच न घालताही चालतं. भीती मनात दाटून आली तर ‘फिअर स्वेप्ट ओव्हर हर’. पुरात कोणी वाहून गेलं तर ‘वॉज स्वेप्ट अवे’, इथे कर्मणीच जास्त दिसेल. निवडणुकीत दणदणीत जिंकून सत्तेत आले तर ‘स्वेप्ट टू पॉवर’. आणि कोणी ऐटीत खोलीत शिरलं तर ‘स्वेप्ट इन्टू द रूम’, यात पसरण्याचा काहीच संबंध नाही, फक्त चालण्यातला तोरा आहे.

उच्चार ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही ऐकता येतात, स्वीपमधला ‘ई’ लांब आणि स्वेप्टमधला ‘ए’ आखूड, ते कानावर पडलं की पक्कं बसतं.

आता खटकलेलं. झाडण्याचा अर्थ सगळ्यात वर आणि पसरण्याचे अर्थ बरेच खाली, नवखा माणूस पहिली ओळ वाचून पान बंद करेल अशी भीती वाटते. ‘स्वीप अंडर द कार्पेट’ म्हणजे प्रकरण दडपणं, अमेरिकेत कार्पेटऐवजी रग म्हणतात, असले वाक्प्रचार तर त्याहून खाली. स्वीपिंग हे विशेषण वेगळ्या पानावर आहे, तेही नक्की उघडा, कारण ‘स्वीपिंग चेंजेस’ म्हणजे मोठे, सगळीकडे पोचणारे बदल पण ‘स्वीपिंग स्टेटमेंट’ म्हणजे नीट विचार न करता सरसकट केलेलं विधान, एकात कौतुक असू शकतं आणि दुसऱ्यात टीकाच असते.

मराठी अर्थ मात्र इथे मिळणार नाही, सगळं इंग्रजीतच आहे. ज्यांना साधं इंग्रजी वाक्य वाचता येतं त्यांनी बिनधास्त वापरा, अगदीच सुरुवात असेल तर शेजारी एखादा इंग्रजी-मराठी कोश उघडा ठेवा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.