फेसिंग झालं ते फक्त बिलावर

आमची अ‍ॅम्बेसेडर १९७८ची, मार्क थ्री. वडिलांनी घेतलेली, आता माझ्याकडे. दिवाळीनंतर ती स्लोला उभी राहीना. सिग्नलला पाय उचलला की बंद. बॉनेट उघडलं की कार्बोरेटरच्या बुडातून बारीक सूं आवाज यायचा. हवा घेत होती, म्हणजे सांध्यातून नको ती हवा आत ओढत होती, एवढं मलाही कळत होतं.

नेहमीचे मिस्त्री गावी गेले होते. म्हणून ‘व्हिंटेज स्पेशालिस्ट’ अशी पाटी असलेल्या एका गॅरेजात गाडी टाकली. भिंतीवर जुन्या गाड्यांचे फोटो, पोरांच्या अंगावर एकसारखे टी-शर्ट. मी तिथेच भुललो.

मालक म्हणाला, “काका, कार्बोरेटरची बॉडी बेंड झालीय. नुसतं पॅकिंग टाकून उपयोग नाही. माझ्याकडे रिकंडिशन पीस आहे, दुसऱ्या पार्टीसाठी मागवलेला. तुम्हाला देतो.” तो पीस, इम्पोर्टेड पॅकिंगचा सेट, मॅनिफोल्ड (इंजिनात मिश्रण नेणारे आणि धूर बाहेर काढणारे नळ) उतरवून फेसिंग (सांध्याची बाजू घासून सपाट करणं), मजुरी, सगळं मिळून १८,५०० रुपये. माझी जुनी बॉडी त्यानेच ठेवून घेतली, हजार रुपये कमी करून. तेव्हा मला तो सज्जन वाटला होता!

पंधरा दिवस गाडी छान चालली. मग कात्रजच्या चढाला गचके द्यायला लागली, काळा धूर, पेट्रोलचा भपकारा. तोवर आमचे मिस्त्री परतले होते. त्यांनी कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरचं, म्हणजे पेट्रोल साठतं त्या कप्प्याचं, झाकण उघडलं आणि चिमट्याने एक लाल लिबलिबीत दोरी बाहेर काढली. सिलिकॉन! झाकणाच्या पॅकिंगला फासलेलं. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, मऊ पडतं, त्याचे तुकडे सुटतात आणि पेट्रोल आत सोडणाऱ्या नीडल व्हॉल्व्हमध्ये नाहीतर जेटच्या बारीक भोकात अडकतात. कार्बोरेटरखालच्या इन्सुलेटरला (उष्णता अडवणाऱ्या जाड चकतीला) दोन्ही बाजूंनी पॅकिंग लागतं. तिथे जुनीच, करपलेली पॅकिंग होती, वरून लाल लेप.

मॅनिफोल्डला तर हातच लागला नव्हता. नटांवरचा गंज जसाच्या तसा. या इंजिनात इन्लेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात, दोघांना मिळून एकच पॅकिंग, आणि काही स्टडवरचे जाड वॉशर दोन्ही फ्लँज, म्हणजे जोडाच्या चपट्या कडा, एकदम दाबतात. एक फ्लँज जाड, दुसरी पातळ असली तर नट कितीही आवळा, पातळ बाजू हवा घेणारच. म्हणून फेसिंग करायचं तर दोन्ही मॅनिफोल्ड उतरवून लेथवाल्याकडे न्यायला लागतात. ते न उतरवता फेसिंग कसं झालं, हे त्या बिलालाच माहीत.

मिस्त्रींनी कार्बोरेटरच्या फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरली आणि खालून फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) सगळ्यात पातळ पातं सारून बघितलं. कुठेच शिरेना. बॉडी सरळ होती. मला वाटलं, चला, निदान पीस तरी चांगला दिला. तेवढ्यात झाकणाच्या स्क्रूंकडे लक्ष गेलं. तीन एकसारखे, चौथा पितळी, घुमटासारख्या डोक्याचा. मूळ स्क्रू हरवला तेव्हा वडिलांनी घरातल्या जुन्या रेडिओचा काढून बसवला होता. माझाच कार्बोरेटर धुऊन, चंदेरी रंग मारून मला विकला होता, आणि वर हजार रुपयांचा उपकार.

नाना पेठेतून पॅकिंग आणली, सगळी मिळून सहाशेच्या आत. बसवल्यावर मिस्त्रींनी इस्त्रीच्या बाटलीतलं पाणी चालू इंजिनच्या सांध्यांवर फवारलं. हवा घेत असेल तर तिथे पाणी पडताच आवाज बदलतो. काही जण यासाठी कार्ब क्लीनर, म्हणजे कार्बोरेटर साफ करायचा पेट घेणारा स्प्रे, मारतात, पण इथे तापलेला एक्झॉस्ट वीतभर अंतरावर आहे, तो खेळ नको. आवाज बदलला नाही. इंजिन तापून पूर्ण गार झाल्यावर नट पुन्हा आवळले, बेताने, कारण जास्त जोर लावला की फ्लँजचे कान खरंच वाकतात.

स्क्रूचा फोटो घेऊन मी त्या गॅरेजात गेलो. मालकाने शांतपणे बिल मागितलं. त्यावर गाडीचा नंबर, ‘कार्ब. व फेसिंग काम’ आणि रक्कम, बस. पार्टचा उल्लेख नाही, शिक्का नाही, आणि पैसे मी रोख दिलेले. “काका, यात पीस विकल्याचं कुठे लिहिलंय?” असं म्हणून त्याने चहा मागवला.