बॅटरीवर पीएचडी की रबाळ्यातली आर अँड डीची नोकरी?

आमच्या सोसायटीतली एक मुलगी परवा ऐरोली स्टेशनवर भेटली. एमएससी झालेली, जेआरएफ (पीएचडीसाठीची फेलोशिप) मिळालेली, आणि रबाळ्यातल्या एका कंपनीचं ऑफर लेटरही हातात. "ताई, काय करू?" तिथे सुचलं ते सांगितलं, उरलेलं इथे लिहिते. मी बॅटरीच्या पदार्थांवर पीएचडी केली, मग पाच वर्षं कंपनीत काढली, आता पुन्हा शिकवते.

आधी पैसा, कारण घरात पहिला प्रश्न तोच निघतो. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे तिच्याच वरच्या टप्प्याला, म्हणजे एसआरएफला, 42,000. हे दर 2023 पासूनचे. सुरुवातीच्या पगारापुढे ही रक्कम कमी वाटत नाही. फरक नंतर पडतो. तिकडे पगारवाढ आणि पीएफ सुरू असतो, इकडे पाच वर्षांनी फेलोशिप संपते आणि प्रबंध बरेचदा अर्धाच असतो. शिवाय पैसे वेळेवर येतील याचा भरवसा नाही. माझे एकदा चार महिने अडकले होते. आईबाबांकडे राहत होते म्हणून निभावलं.

खरा फरक कामात आहे. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा कॉइन सेल, म्हणजे नाण्यासारखा छोटा चाचणीचा सेल बनवतात, 20 मिलिमीटर व्यासाचा. ॲल्युमिनियम फॉइलवर कॅथोडच्या (धन टोकाच्या) पदार्थाची स्लरी, म्हणजे पातळ लगदा, पसरायची, व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवायची, चकत्या पाडायच्या आणि आर्गॉन वायू भरलेल्या बंद पेटीत, म्हणजे ग्लोव्हबॉक्समध्ये, लिथियमच्या चकतीसमोर सेल बंद करायचा. लिथियम भरपूर असतं, त्यामुळे दर सायकलला (एकदा चार्ज, एकदा डिस्चार्ज) थोडं वाया गेलं तरी भरून निघतं आणि क्षमतेचा आलेख छान सपाट येतो. कंपनीच्या सेलमध्ये समोर ग्राफाइट असतं आणि लिथियम मोजकंच. तिथे कूलॉम्बिक कार्यक्षमता, म्हणजे दर सायकलला भरलेल्या चार्जपैकी परत मिळणारा भाग, 99.9 टक्के असली, तर 1000 सायकलींनंतर जेमतेम 37 टक्के क्षमता उरते. 99.99 असली तर 90. पीएचडीत त्या चौथ्या नऊकडे मी कधी पाहिलंही नव्हतं. कंपनीतली पाचही वर्षं त्याच्याच मागे गेली.

म्हणून पीएचडी वाया गेली असं मात्र नाही. दुसऱ्या वर्षी, भर जुलैत, माझे सगळे सेल दहा सायकलींत मान टाकायला लागले. तीन आठवडे मी कॅथोडलाच दोष देत होते. ग्लोव्हबॉक्सचा मीटर ओलावा 1 पीपीएमच्या (दहा लाखांत एका भागाच्या) आत दाखवत होता, आणि बिघडला होता तो मीटरच. इलेक्ट्रोलाइटमधल्या (सेलमधल्या द्रावणातल्या) लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटला पाणी लागलं की हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं आणि ते कॅथोड पोखरतं. कंपनीत मीटर लगेच बदलला असता आणि मी पुढच्या कामाला लागले असते. लॅबमध्ये मी त्या रसायनाच्या मुळाशी गेले, कारण तेवढा वेळ घालवायची मुभा होती.

'कंपनीत विज्ञान होत नाही' हे मला अजिबात पटत नाही. लिथियम-आयन बॅटरीसाठी 2019 चं नोबेल तिघांना मिळालं. गुडइनफ यांचं काम ऑक्सफर्ड विद्यापीठातलं, पण व्हिटिंगहॅम यांचं एक्सॉनमध्ये झालं आणि योशिनो यांचं असाही कासेईमध्ये. फक्त कंपनीतलं काम बरंचसं गुप्त राहतं. माझा पाच वर्षांत एकही पेपर आला नाही, आणि परत शिकवायला येताना मुलाखतीत त्याचा जाब द्यावा लागला. पीएचडीनंतर प्राध्यापकीच करायची असेल तर हेही लक्षात घ्या की आपल्याकडे कायम जागा थोड्या आहेत. अनेकजण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवताहेत.

घरची जबाबदारी तुमच्यावर असेल तर नोकरी घ्या, त्यात काही कमीपणा नाही. त्या मुलीसाठी माझा कल मात्र पीएचडीकडे आहे. नारळाच्या करवंटीपासून केलेल्या कार्बनची क्षमता सोडियम सेलमध्ये पहिल्याच चार्जिंगला कुठे जाते, हे समजावताना तिने ठाण्याच्या दोन गाड्या सोडल्या.

तिला म्हटलं, सही करण्याआधी एक शनिवार त्या लॅबमध्ये जाऊन बस. गाइडना भेटशीलच, पण शेवटच्या वर्षाच्या मुलांना चहाला बाहेर ने. आधीच्यांना पीएचडीला किती वर्षं लागली, सर मसुदा किती दिवसांत वाचून देतात, आणि ग्लोव्हबॉक्स बिघडला तर दुरुस्तीचे पैसे कुठून येतात, हे त्यांना विचार.