सिट्रस ग्रीन टी: पानाला निवलेलं पाणी हवं, सालीला कढत

सिट्रस ग्रीन टीबद्दल नेहमी ऐकू येणाऱ्या तक्रारी दोनच: ‘कडू लागतो’ आणि ‘वास छान आहे, पण चवीला काहीच नाही’. दोन्हींचं मूळ एकच आहे. हिरव्या चहाच्या पानाला 75 अंश सेल्सिअसच्या आसपासचं पाणी पुरतं. त्याहून गरम पाण्यात पानातली कॅटेचिन्स ही तुरट द्रव्यं भराभर उतरतात आणि चहा तुरट-कडू होतो. त्यात मिसळलेली संत्र्याची साल मात्र वाळून चामड्यासारखी झालेली असते. तिला भिजायलाच वेळ लागतो, आणि पाणीही चांगलं कढत लागतं. या दोघांना एका किटलीत नांदवायचं, हाच या चहाचा खरा पेच.

हे परीक्षण सुट्या मिश्रणाचं आहे: वाफवून वाळवलेला हिरवा चहा, संत्र्याच्या सालीचे तुकडे, गवती चहाची कापलेली पाती आणि वरून लावलेलं लिंबाचं तेल. अशाच मिश्रणाच्या टी बॅगबद्दलही पुढे लिहिलं आहे. निकाल आधीच सांगतो. सुटा चहा जरूर घ्यावा, पण ‘उकळतं पाणी ओता, 3 ते 5 मिनिटं ठेवा’ अशी कृती पाकिटावर छापलेली असेल तर ती पाळू नये. या चहाची बदनामी या एका ओळीने जितकी केली आहे, तितकी निकृष्ट पानांनीही केली नसेल.

पाकीट उघडल्यावर आधी साल बघा. तुकडे नारिंगी आणि पातळ असावेत, आतल्या बाजूला पांढरा थर जवळजवळ नसावा. तो पांढरा थर वास काहीच देत नाही, कडवटपणा मात्र भरपूर देतो. सालीचा जाड पांढरा भाग दिसला, तर पाणी कितीही सांभाळलं तरी चहाच्या शेवटाला कडू चव राहणारच. पानं गडद हिरवी हवीत. ती तपकिरीकडे झुकलेली असतील तर चहा जुना झालेला आहे, आणि तेलाच्या वासाने ते लपवलेलं असू शकतं. मग वास घ्या. ताज्या लिंबाची साल नखाने खरवडल्यासारखा वास आला, तर तेल चांगलं आहे. रंगकामाच्या टर्पेंटाइनची आठवण झाली, तर त्यातलं लिमोनीन, म्हणजे सालीच्या तेलातला मुख्य सुगंधी घटक, हवेशी संयोग पावून बिघडलेलं आहे. तो चहा वाचवता येत नाही.

गवती चहा इथे भरतीसाठी आहे असं समजू नका. संत्र्याच्या सालीचं तेल 90 टक्क्यांहून अधिक लिमोनीनचं असतं. लिंबाला लिंबाचा वास देतं ते सिट्रल, आणि लिंबाच्या तेलात ते थोडंसंच असतं. गवती चहाच्या तेलात मात्र सुमारे 70 ते 80 टक्के सिट्रलच असतं. त्यामुळे वरून लावलेलं तेल उडून गेलं तरी लिंबाचा सूर गवती चहाची पाती धरून ठेवतात. ज्या मिश्रणात ती नसतात आणि नुसतं तेल फवारलेलं असतं, ते पहिल्या आठवड्यात दरवळतं आणि मग हळूहळू साधा हिरवा चहा होऊन बसतं. घटकांच्या यादीत सायट्रिक आम्ल दिसलं तर मात्र आमचं मत प्रतिकूल होतं. आम्लाने आंबटपणा येतो, सुगंध येत नाही, आणि पानाची गोडसर चव त्याखाली दबते.

आता कृती. 200 मिलिलिटर पाण्याला अडीच ग्रॅम मिश्रण घ्या आणि ते वजन करूनच घ्या. चमचा इथे फसवतो. पान हलकं, साल जड. वाहतुकीत हलून साल तळाला जाते. वरचा चमचा पानांचा निघतो आणि तळचा सालीचा, म्हणून एकाच पाकिटातला पहिला आणि शेवटचा कप दोन वेगळे चहा वाटतात. दर वेळी डबा आडवा धरून दोन-तीनदा फिरवला की हा दोष बराच कमी होतो.

सोपी रीत अशी: पाणी उकळून 78 ते 80 अंशांवर आणा, मिश्रणावर ओता, झाकण ठेवा, 2 मिनिटांनी पूर्ण गाळा. थर्मामीटर नसेल तर उकळतं पाणी एका थंड भांड्यातून दुसऱ्यात ओता. दर ओतण्याला साधारण 8 ते 10 अंश कमी होतात, म्हणजे दोनदा ओतलं की काम झालं. झाकण विसरू नका. सिट्रसचा सुगंध म्हणजे उडून जाणारं तेलच, आणि उघड्या कपातून ते वाफेबरोबर निघून जातं. या रीतीने होणारा चहा स्वच्छ, फिकट पोपटी, पुढे लिंबू आणि मागे किंचित ओल्या गवतासारखी गोडी असा लागतो. संत्रं मात्र जेमतेम जाणवतं.

संत्रं हवं असेल तर दुसरी रीत वापरा, आणि आमची पसंती हिलाच आहे. मिश्रणातून सालीचे सात-आठ तुकडे वेचून किटलीत टाका. त्यांच्यावर उकळतं पाणी ओता आणि झाकून ठेवा. 4-5 मिनिटांत साल फुगते आणि पाणी फिकट पिवळं होतं. मग झाकण काढून पाणी 75 अंशांपर्यंत निवू द्या, उरलेलं मिश्रण टाका आणि दीड ते दोन मिनिटांत गाळा. सालीला कढत पाणी मिळालं, पानाला निवलेलं मिळालं. संत्र्याची चव आता नाकापुरती न राहता जिभेवर येते. वेचण्याचा कंटाळा येत असेल तर मोठ्या भोकांच्या चाळणीने मिश्रण एकदाच चाळून साल आणि पानं दोन डब्यांत ठेवा.

चव घेताना पहिला घोट चहा गरम असताना आणि दुसरा कोमट झाल्यावर घ्या. गरम असताना सुगंध इतका पुढे असतो की चहाचे दोष लपतात. कोमट झाल्यावर जिभेच्या कडांना कोरडेपणा जाणवला तर तो पानाचा तुरटपणा, आणि तो वेळ किंवा तापमान जास्त झाल्याची खूण आहे. घशाशी रेंगाळणारा कडवटपणा बहुधा सालीचा. दोन्हींचे उपाय वेगळे. तुरटपणा आला तर पाणी 5 अंशांनी उतरवा, सालीचा कडवटपणा आला तर साल कमी करा. आयएसओ 3103 या आंतरराष्ट्रीय मानकात तुलनात्मक चाचणीसाठी 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम चहा आणि 6 मिनिटं असं प्रमाण आहे. ते पिण्यासाठी नाही, पण दोन पाकिटांतलं कोणतं घ्यावं हे ठरवायचं असेल तर एकदा जरूर करून पाहा. इतक्या कडक काढ्यात तेलाचा मुखवटा टिकत नाही आणि खालचं पान कसं आहे ते कळतं.

पाणी जड असेल तर चहा मळकट होतो, वर पातळ साय धरतो आणि लिंबाचा वास बोथट पडतो. गाळण यंत्राचं हलकं पाणी इथे खरोखर फरक करतं.

दुसरा कप निघतो, पण तो सिट्रसचा नसतो. तेलाचा मोठा भाग पहिल्याच पाण्यात जातो. दुसऱ्यांदा 80 ते 85 अंश आणि अडीच मिनिटं ठेवलं तर सौम्य हिरवा चहा मिळतो, मागे गवती चहाची हलकी झाक. तोच काटेकोर पाहायला हवा, कारण मिश्रणातलं पान चांगलं की भरताड, हे तिथे उघड होतं. या मिश्रणाचं पान त्या परीक्षेत उतरतं.

थंड चहा हा मात्र या मिश्रणाचा सर्वोत्तम अवतार. 1 लिटर गार पाण्यात 10 ग्रॅम मिश्रण घालून झाकण लावा, फ्रिजमध्ये 6 ते 8 तास ठेवा, गाळा. गार पाण्यात कॅटेचिन्स आणि कॅफिन कमी उतरतात, पानाला गोडसर चव देणारं थिअनिन मात्र सहज उतरतं. त्यामुळे चहा जवळजवळ कडू होतच नाही आणि वरून साखर लागत नाही. हा चहा दिवसभरात संपवा, नंतर त्याचा ताजेपणा जातो.

टी बॅगमध्ये पानाचा चुरा आणि सालीची भुकटी असते. चुऱ्यातून अर्क झटक्यात उतरतो, म्हणून तिथे 75 अंश आणि फार तर दीड मिनिट. पिशवी चमच्याने दाबून पिळू नका, तुरटपणाचा शेवटचा अर्क तोच असतो. एकेका बॅगला हवाबंद वेष्टन नसेल तर कागदातून सुगंध काही आठवड्यांत निघून जातो, आणि अशी खोकी घेण्यात अर्थ नाही.

दूध यात घालू नये, दुधातल्या केसिन या प्रथिनाखाली चव मरते, आणि मिश्रणात आम्ल असेल तर दूध फाटूही शकतं. लिंबाचा रस घालायचाच असेल तर गाळल्यानंतर, 200 मिलिलिटरला पाव चमच्याहून कमी. चहाचा रंग लगेच उजळतो. मध घालायचा तर चहा कोमट झाल्यावर, पण आधी तसाच एक कप पिऊन बघा.

डबा धातूचा, घट्ट झाकणाचा, आणि मसाल्यांपासून लांब ठेवा, कारण चहाचं पान शेजारचे वास पटकन ओढून घेतं. फ्रिजमध्ये ठेवायचा झाला तर डबा बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. मोठं पाकीट स्वस्त पडलं तरी दोन-तीन महिन्यांत संपेल इतकंच घ्या.