कल्याण–माटुंगा अप-डाउन की हॉस्टेल?

कल्याण-डोंबिवलीच्या मुलामुलींना माटुंग्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात सीट मिळाली की घरात हा प्रश्न निघतोच. बहुतेक घरं प्रवासाचे तास आणि मेसचं बिल समोर ठेवून ठरवतात. माझ्या मते गाडी अडते ती तिसऱ्याच ठिकाणी.

माटुंग्याला फास्ट लोकल थांबत नाही. कुर्ल्याला उतरून स्लो पकडायची, नाहीतर दादर गाठून एक स्टेशन मागे यायचं. सकाळच्या गर्दीत कुर्ल्याला दारापर्यंत पोचणंच कठीण असतं. दादरला निम्मा डबा रिकामा होतो, त्यामुळे दादर बरं. दारापासून वर्गापर्यंत पावणेदोन तास धरा. त्याची सवय होते. खर्चही फार नाही: विद्यार्थ्यांना पास निम्म्या दरात मिळतो, आणि तीन महिन्यांचा काढला तर २.७ महिन्यांचेच पैसे पडतात. कॉलेजातून मिळणाऱ्या कन्सेशनच्या कागदाला मात्र मोजक्या दिवसांची मुदत असते. ती उलटली की पुन्हा ऑफिसची रांग, म्हणून जुना पास संपायच्या आठवडाभर आधी अर्ज टाकावा.

पहिल्या वर्षी ड्रॉइंगचा वार जड जातो. पाठीवर सॅक, हातात मिनी-ड्राफ्टर (रेघा आखायचं जोडपट्टीचं साधन) आणि ड्रॉइंग शीटची नळी. नळी उभी, छातीशी धरावी. आडवी राहिली तर दादर येईपर्यंत चेपते, आणि मोड पडलेल्या शीटवर पेन्सिलीची रेघ तुटत जाते. जुलैत सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी भरलं की तो दिवस गेलाच समजा. परीक्षेच्या दिवसांत माटुंगा-वडाळ्याकडे एका मित्राचं घर सांगून ठेवलेलं बरं.

हॉस्टेलचेही ताप आहेतच. बऱ्याच ठिकाणी मेरिटबरोबर घरचं अंतरही बघतात, त्यामुळे कल्याणकरांचा नंबर मागे पडतो आणि कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका खाटेपुरती भाड्याने, जागा शोधावी लागते. जागा ताब्यात घेण्याआधी लोखंडी कॉटचे सांधे आणि गादीची शिवण टॉर्च लावून तपासा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. एकदा ते पुस्तकांच्या खोक्यात शिरले की सुट्टीत घरीही येतात. रविवारी रात्री मेस बहुधा बंद असते. आजारपणात घरच्या वरणभाताला तोड नाही, हेही खरं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही आणि अटी बसत असल्या, तर स्वाधार योजनेतून मुंबईत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. ती चौकशी प्रवेशाच्या वेळीच करावी.

तरीही माझा कौल हॉस्टेलकडे झुकतो, आणि कारण एकच: संध्याकाळचे साडेपाच ते नऊ. सहा ते साडेआठ दादरहून कल्याण फास्टमध्ये चढणं म्हणजे दोन-तीन गाड्या सोडणं. म्हणून लोकलाइट, म्हणजे घरून ये-जा करणारी, मुलं प्रॅक्टिकल सुटताच पावणेपाचला निघतात. आणि कॉलेजातलं खरं काम नेमकं त्यानंतर सुरू होतं. रोबोटिक्सची टीम बसते, सीनियर लॅबमध्ये निवांत सापडतात, व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) काय विचारतात ते कळतं, प्रोजेक्टचे ग्रुप जुळतात. ‘निघतो रे, गाडी आहे’ म्हणणाऱ्याला कोणी मुद्दाम वगळत नाही. दुसऱ्या दिवशी ठरलेलं तेवढं त्याच्या कानावर येतं. प्रवासाचे साडेतीन तास पहाटे लवकर उठून भरून काढता येतात. या गप्पा तशा भरून निघत नाहीत, निदान मला तरी ते शक्य वाटत नाही.

घरी आजारी माणूस असेल, पैशाची ओढाताण असेल, किंवा एकांताशिवाय अभ्यासच होत नसेल, तर अप-डाउन करावं. पण मग आठवड्यातले दोन वार ठरवून नऊनंतरची गाडी धरावी आणि घरी तसं आधीच सांगून ठेवावं. हॉस्टेल मिळत असेल तर निदान पहिली दोन वर्षं तिथे काढावीत, कारण ग्रुप तेव्हाच बनतात. कल्याण कुठे पळून जात नाही. शनिवारी दुपारच्या गाडीला बसायलाही जागा मिळते.