आईच्या दाढेचं रूट कॅनल: क्लिनिक कसं वाटलं आणि खर्च किती आला

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला पहिल्या मजल्यावर एक छोटं क्लिनिक आहे, तिथं आईच्या दाढेचं रूट कॅनल (दाढेच्या आतली खराब नस काढून मुळं साफ करून भरतात ते) करून घेतलं. नाव मुद्दाम टाकत नाही, नाव टाकलं की लोक लगेच विचारतात डॉक्टर तुमची पाव्हणी का म्हणून.

आईचं वय ६८, बीपीची गोळी चालू, आणि जेवणानंतर अडकित्त्यानं कातरलेली सुपारी लागतेच. खालच्या डाव्या दाढेत जुनी चांदी भरलेली होती, तिच्या कडेनं दाढेचा तुकडाच उडाला. आधी नुसतं गार पाणी झोंबायचं, मग चहा पण, मग रात्री आडवं पडलं की ठणका सुरू आणि उठून बसलं की जरा कमी. लवंगेचं तेल लावून झालं. आधी दुसरीकडं एके ठिकाणी दाखवलं होतं, तिथं एक्सरे नाही काही नाही, तोंड उघडून बघितलं आणि अँटीबायोटिकचा कोर्स लिहून दिला, गोळ्या संपल्या तरी ठणका तिथंच. इथल्या डॉक्टर मॅडम एमडीएस (दातांच्या डॉक्टरांची वरची पदवी) आहेत, तेही रूट कॅनलमधल्याच, त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की काकू, दाढेच्या आतली नस सुजलीय, त्याला अँटीबायोटिकचा काही उपयोग नाही, गालावर सूज पसरली, ताप आला तर ती द्यायची.

तपासायची पद्धत आवडली. कापसाच्या बोळ्यावर गार स्प्रे मारून आधी चांगल्या दाढेला लावला, मग दुखऱ्या. चांगल्या दाढेचं झोंबणं लगेच गेलं, दुखरी मात्र बराच वेळ ठणकत राहिली. मग एक्सरे काढून स्क्रीनवर दाखवला. आईचं एकच, "काढून टाका की सरळ, ह्या वयात कशाला खर्च." मॅडम म्हणाल्या, "काढायला मला दहा मिनिटं लागतील काकू, पण मग वरची दाढ त्या जागेत खाली उतरत येणार, शेजारचे दात कलणार, आणि ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं खोटा दात, बसवायचा म्हटलं तर दोन चांगले दात घासावे लागणार. मुळं अजून पक्की आहेत. चीर मुळापर्यंत गेली असती तर मीच काढा म्हटलं असतं." हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझा विश्वास बसला. (मिरजेच्या मावशीचा फोन आलाच होता, दाढ काढली की नजर जाते म्हणून, त्याचाही तेवढाच निकाल लागला, दाढेचा आणि नजरेचा काही संबंध नाही.)

आता जे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते, रबर डॅम. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात, फक्त तेवढी दाढ बाहेर. आईला पहिल्यांदा घुसमटल्यासारखं झालं, नाकानं श्वास घ्या म्हटल्यावर जमलं. मला वाटलं असेल काहीतरी फॅन्सी, पण विचारल्यावर कळलं की मुळांच्या आत जे औषध मारून धुतात ते सोडियम हायपोक्लोराइट असतं, म्हणजे घरातल्या ब्लीचचंच भावंड. आई बाहेर आल्यावर म्हणालीच, "अगं मोरीत टाकायच्या औषधाचा वास येत होता." ते घशात जाऊ नये, बारीक सुया म्हणजे फाइल्स चुकून गिळल्या जाऊ नयेत आणि थुंकीतले जंतू साफ केलेल्या मुळात परत शिरू नयेत म्हणून तो पडदा. बऱ्याच ठिकाणी वेळ वाचवायला तो लावतच नाहीत, तेव्हा कुठंही करा पण हे आधी विचारा.

दुखलं का, तर हो, थोडं. इंजेक्शननं ओठ बधिर झाला तरी ड्रिल आत गेल्यावर आईनं हात वर केला, मॅडम लगेच थांबल्या, दाढेशेजारी अजून एक इंजेक्शन दिलं, मग काही नाही. सुजलेल्या खालच्या दाढेत असं होतं म्हणे. ओठाला हुक अडकवून एक टी टी वाजणारं मशीन लावतात त्यानं मुळाची लांबी कळते. आईच्या दाढेत चार कॅनल (मुळांतल्या बारीक नळ्या) निघाले. शेवटी गुलाबी काड्या भरतात, गटापर्चा, झाडाच्या चिकापासून बनतो तो. नंतर दोन-तीन दिवस चावताना दुखलं, पॅरासिटामॉलवर भागलं. जबडा मात्र आ करून करून जास्त दुखला. जाताना नाश्ता करून आणि बीपीची गोळी घेऊनच जा, आणि परत आल्यावर बधिरपणा उतरेपर्यंत जेवू नका, गाल चावला जातो.

खर्चाबद्दल माझी तक्रार आहे. फोनवर ५००० सांगितले, ते फक्त रूट कॅनलचे. वर सिमेंटनं दाढ उभी करायचे १०००, कॅप, म्हणजे दाढेवर बसवायची टोपी, वेगळी. कॅप ऐच्छिक असल्यासारखी सांगतात रिसेप्शनवर, आणि इथंच लोक फसतात. दाढ वरून पोकळ झालेली असते, कॅप नाही घातली तर सुपारीवर काय, भडंगातल्या फुटाण्यावर पण चिरेल, आणि मुळापर्यंत चिरली की आधीचे सगळे पैसे पाण्यात. आमच्या शेजारच्या काकूंचं हेच झालं, दुखायचं थांबलं म्हणून त्या कॅपला गेल्याच नाहीत, शेवटी दाढ काढावी लागली. म्हणून रेट विचारताना कॅपसकट विचारा. झिरकोनियाच्या, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या कॅपचे ९००० होते, पण मॅडमनीच सांगितलं मागच्या दाढेला साधी धातूची चालते, दात कमी घासावा लागतो, ती २५०० ला बसली. आई म्हणाली, मागं कोण बघतंय. महाग माल गळ्यात मारला नाही ह्याचे मार्क द्यायलाच पाहिजेत. आमच्या मेडिक्लेममध्ये ह्यातलं काहीच बसलं नाही. बजेट कमी असेल तर सांगली-मिरजेत डेंटल कॉलेज आहेत, तिथं बरंच स्वस्तात होतं, विद्यार्थी करतात पण वर सर असतात, फक्त वेळ खूप जातो.

बाकी जिना खडा आहे, लिफ्ट नाही, गुडघेवाल्यांनी विचार करून जा. संध्याकाळची अपॉइंटमेंट घेऊच नका, तासभर बसवून ठेवतात, सकाळी पहिला नंबर लावा. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. सहा महिन्यांनी परत एक्सरे काढून मुळाचं टोक बघायचंय, त्याचे पैसे घेणार नाही म्हणाल्यात. पाचपैकी चार, एक कापला तो रिसेप्शनचा आणि जिन्याचा मिळून. सुपारी डॉक्टरांनी बंद सांगितलीय, आईनं आता बडीशेपेचा डबा आणलाय पण अडकित्ता काही कपाटात गेलेला नाही.